आजीच्या १९५०च्या दशकातल्या दिवाणी दाव्याची नक्कल नागपुरात कुठे मिळेल?

महालची_नात

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. बाबा तेव्हा चार वर्षांचे होते. आजोबांची काटोल तालुक्यात शेती होती, त्यात संत्र्याचा बगीचा, आणि नागपूरच्या महाल भागात सामाईक घर. दोघा दिरांनी तिला सांगितलं, दोन वेळचं जेवण मिळेल, मागच्या खोलीत राहा. आजीने ते ऐकलं नाही. तिने वाटणीचा दावा टाकला. तिचं शिक्षण चौथीपर्यंत.

बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या लोखंडी पेटीत एक नोटीस सापडली. कागद घडीवर फाटलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. त्यावर 'दिवाणी दावा नं. ३७-अ' एवढं स्पष्ट आहे. पुढे '१९५' आणि शेवटचा आकडा गेलेला. खाली 'सिव्हिल जज' वाचता येतं, गाव वाचता येत नाही. शिक्का म्हणजे नुसता जांभळा डाग राहिला आहे.

मी ई-कोर्ट्सच्या साइटवर नागपूर जिल्हा निवडून आजीच्या नावाने, दोन्ही दिरांच्या नावाने, १९५१ ते १९५९ प्रत्येक साल टाकून पाहिलं. प्रलंबित आणि निकाली दोन्हीत. काही नाही. जिल्हा कोर्ट आहे त्या सिव्हिल लाइन्सला चौकशीला गेले तेव्हा रस्त्यावर भेटलेल्या एका माणसाने पाच हजार मागितले. पावती मिळेल का विचारलं तर त्याने विषय बदलला.

शेती केव्हाच विकली गेली. घरही राहिलं नाही. मला कोणाशी भांडायचं नाही. आजी कोर्टाबद्दल एकच गोष्ट सांगायची, 'उभ्याने बोलली मी, पण मधात कोणी तोडलं नाही.' ती काय बोलली ते मला वाचायचं आहे. सत्तर वर्षांपूर्वीची साक्ष अजून असेल का? असली तर मला मागता येईल का?

सिव्हिललाइन्स_ज्युनिअर

ताई, साइटवर नाही म्हणजे कोर्टात नाही, असं अजिबात समजू नका. ई-कोर्ट्सचं काम २००७ साली सुरू झालं. त्याच्या बऱ्याच आधी निकाली निघालेले दावे सहसा त्यात चढवलेले नसतात. १९५०च्या दशकातलं प्रकरण तिथे दिसण्याची आशा सोडा. ते हाताने लिहिलेल्या दावा नोंदवहीत शोधावं लागेल.

हा धागा दुसरं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. अलीकडचा खटला असेल तर ई-कोर्ट्सचं ॲप पुरेसं आहे. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर थेट प्रकरण उघडतं. नसेल तर पक्षकाराचं नाव आणि साल टाका. नावाचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून पाहा, कारण नोंद करणाऱ्याने 'देवराव'चं काय केलं असेल सांगता येत नाही. पुढची तारीख, रोजनामा (त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद), आदेश तिथेच दिसतात. पण तिथून उतरवलेली प्रत माहितीपुरती. कुठे दाखल करायची असेल तर सहीशिक्क्याची नक्कलच काढावी लागते.

काटोल_रोड

सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांत काम होते.

सिव्हिललाइन्स_ज्युनिअर

भाऊ, कोर्टाच्या प्रकरणातल्या कागदांसाठी तो रस्ता चालत नाही. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. नक्कल देण्याचे कोर्टाचे स्वतःचे नियम असतील तर त्याच नियमांनी अर्ज करायचा. त्रयस्थ माणसालाही मागता येतं, मात्र कशासाठी हवं ते प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. ताई तर वादीच्या वारस आहेत. आजी आणि बाबा दोघांचे मृत्यूचे दाखले आणि नातं दाखवणारा कागद जोडा.

जुना_रेकॉर्डकीपर

मी बत्तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली अकरा वर्षं अभिलेख कक्षात. नागपुरात नाही, विदर्भातल्याच दुसऱ्या जिल्ह्यात. ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या कागदावरचा 'अ' फार मोलाचा आहे. तो कलमाचा नाही की पोटक्रमांकाचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि इथली कोर्टं मध्य प्रांताच्या पद्धतीने चालत. त्या पद्धतीत दिवाणी दाव्याच्या नंबराला ए किंवा बी लावत. जमीनजुमला, हक्क, वाटणी यांचे दावे ए मध्ये, नुसत्या पैशाच्या वसुलीचे बी मध्ये. मराठी लिहिणाऱ्या कारकुनाने ए चा अ केला. म्हणजे तुमचा दावा राज्य बदलण्याच्या आधी दाखल झाला, असं मी धरून चालेन. आणि त्याच नोंदवहीत '३७-बी' नावाचं भलतंच प्रकरण असणार, म्हणून अर्जात 'ए' लिहायला विसरू नका. आजच्या कॉम्प्युटरवर नियमित दिवाणी दावा, विशेष दिवाणी दावा असे प्रकार आहेत. त्यात तुमच्या ३७-अ ला जागाच नाही.

आता कोर्ट कोणतं? शेती काटोलची, घर महालातलं. मिळकती दोन कोर्टांच्या हद्दीत असल्या तर कुठल्याही एका कोर्टात दावा टाकता येतो. तिथे दाव्याची किंमत पाहिली जाते. किंमत मोठी असली की वरच्या वर्गाच्या जजकडे, म्हणजे बहुतेक नागपूरला. तरी काटोल डोक्यातून काढू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडे अभिलेख कक्षात गठ्ठे दाव्याच्या नंबराने लावलेले नसत, निकालाच्या साल-महिन्याने लावलेले असत. लाल कापडाचा बस्ता, वर पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर महिना. त्यामुळे नुसता नंबर घेऊन माणूस आला की आधी नोंदवही उघडायची, त्यातून निकालाची तारीख काढायची आणि मग बस्त्याकडे जायचं. साल नसेल तर चार-पाच नोंदवह्या. निकालाची तारीख तुम्हीच आणून दिली तर शोधणाऱ्याचं अर्धं काम झालं.

ती तारीख मिळवायला एक जागा आहे. शेतसारा भरणाऱ्या जमिनीची वाटणी कोर्ट स्वतः मोजून देत नाही. हिस्से ठरवतं आणि प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे. म्हणून हुकूमनाम्याचा, म्हणजे निकालावरून निघालेल्या डिक्रीचा, नंबर आणि तारीख महसुलाच्या दप्तरात उमटते. जुने पटवारी त्याला दाखल-खारीज म्हणत, आता फेरफार. तहसीलच्या अभिलेखात त्या मौजाची त्या काळातली फेरफार पंजी पाहा.

राहिली साक्ष. इथे मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. कोर्टाचा प्रत्येक कागद कायमचा ठेवत नाहीत. कागद नष्ट करण्याचा कायदाच १९१७ चा आहे आणि त्याखालच्या नियमांत कोणता कागद किती वर्षं ठेवायचा ते ठरलेलं असतं. समन्स, हजेऱ्या, मुदतीचे अर्ज आधी जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा सगळ्यात जास्त टिकतात. साक्षीची पानं मिळतील की नाही ते बस्ता उघडल्यावरच कळेल.

पण निकालपत्र मिळालं तर ते सावकाश वाचा. जज मुद्दा मांडतात, मग कोणता साक्षीदार काय म्हणाला आणि त्याच्यावर विश्वास का ठेवला हे लिहितात. त्या काळचे काही जज साक्षीदाराचं वाक्यच्या वाक्य उतरवून घ्यायचे. मी असे निकाल हाताळले आहेत.

काटोल_रोड

काका, माहितीच्या अधिकाराबद्दल मी चुकीचं सांगितलं, मागे घेतो. फेरफाराबद्दल मात्र स्वतःचा अनुभव आहे. ताई, नुसतं आजोबांचं नाव घेऊन जाऊ नका. मौजा, पटवारी हलका (पटवाऱ्याचा गावगट) नंबर आणि जुना खसरा नंबर, म्हणजे शेताचा तेव्हाचा नंबर, लागतो. आताचा गट नंबर सांगितला तर १९५०च्या वहीत काहीच सापडणार नाही. जुना नंबर १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात पाहा, आधी त्याची नक्कल घ्या. मग त्या खसऱ्यावरून फेरफार मागा. मी असंच केलं, दोन चकरांत झालं. शेतीचा हंगाम नसताना जा, दाखल्यांची गर्दी कमी असते.

महालची_नात

काका, 'अ' चा अर्थ वाचून मी तो कागद पुन्हा काढून पाहिला. एवढे दिवस मी त्या अक्षरावरून नुसती नजर फिरवत होते.

तहसीलमध्ये जाऊन आले. अधिकार अभिलेखात आजोबांच्या नावावर रेघ आणि खाली आजीचं नाव, 'बेवा' म्हणून, शेजारी बाबांचं नाव 'अज्ञान', म्हणजे वयाने लहान. फेरफाराच्या शेऱ्यात लिहिलं आहे: सिव्हिल जज प्रथम वर्ग नागपूर, दावा ३७-ए सन १९५३, हुकूमनामा मार्च १९५५. तारीख, साल, कोर्ट, तिन्ही एका ओळीत. मी ती ओळ बोटाने धरून तिथेच बसून राहिले.

आता अर्ज कसा लिहू? वकील लावावाच लागेल का?

सिव्हिललाइन्स_ज्युनिअर

वकील लावलाच पाहिजे असं नाही. नक्कल विभागात छापील अर्ज मिळतो, कोर्ट फीचं तिकीट लावायचं. दाव्याचा नंबर 'ए' सह, कोर्ट, दोन्ही बाजूंची नावं, निकालाचा महिना लिहा. कोणते कागद हवेत ते एकेक नावाने लिहा: निकालपत्र, हुकूमनामा, वादीची साक्ष. 'संपूर्ण फाइल' असं लिहिलं की पानांचा खर्च वाढतो आणि वेळही. प्रकरण जुनं आहे म्हणून सोबत शोध घेण्याची विनंती करा आणि प्रतिज्ञापत्र जोडा. कारण खरं तेच लिहा. कौटुंबिक अभिलेख म्हणून हवं आहे, हेही कारणच आहे. फेरफाराची नक्कल पहिल्या पानामागेच लावा.

आणि पैसे फक्त खिडकीवर, पावती घेऊन.

महालची_नात

सात आठवड्यांनी लिहिते आहे.

नक्कल मिळाली. निकालपत्र चौदा पानं, टाइप केलेलं इंग्रजी, आणि हुकूमनामा. साक्षीची पानं ठेवण्याची मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट झाली, तसा शेरा अर्जावर मिळाला. काकांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी सावरले, पण घरी येईपर्यंत बसमध्ये डोळे पुसत होते.

मग निकालपत्र वाचायला घेतलं. नवव्या परिच्छेदात आजी आहे.

दिरांचं म्हणणं होतं की बगीच्यात साठ झाडं, तीही आजोबांच्या मागे त्यांनी लावलेली, म्हणून त्यात तिचा हिस्सा नाही. जज लिहितात (मी मराठीत करून सांगते) की वादी ही अल्पशिक्षित बाई आहे, तिला जमिनीची किंमत सांगता आली नाही. पण तिने सांगितलं की विहिरीपासून आठ ओळी आहेत, दर ओळीत चौदा झाडं, आणि पाचव्या ओळीतलं तिसरं झाड तिच्या मुलाच्या बारशाला लावलं. उलटतपासणीत तिला ओळी उलट्या क्रमाने विचारल्या. तिने तशाच सांगितल्या. पुढचं वाक्य असं आहे की या साक्षीदाराचं म्हणणं ढळलेलं नाही.

तिला एकतृतीयांश हिस्सा मिळाला. विधवेला वाटणी मागायचा हक्क देणाऱ्या १९३७ च्या कायद्याचा उल्लेख निकालात आहे. पुढे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि तोच हिस्सा पूर्ण मालकीचा झाला. बाबांच्या शिक्षणासाठी तिने त्यातला तुकडा विकला, तो याच हक्काने, हे मला आत्ता समजलं. आणि बारशाचं झाड म्हणजे बाबांचं झाड. त्यांनी ते कधीच सांगितलं नाही. त्यांना तरी माहीत होतं की नाही, कोणाला विचारू?

काका, एक विचारायचं आहे. हुकूमनाम्याच्या मागच्या बाजूला लाल शाईत अपिलाचा शेरा दिसतो. दिरांनी अपील केलं असावं. त्याचा काही उपयोग?

जुना_रेकॉर्डकीपर

ताई, खूप उपयोग. 'फर्स्ट अपील' आहे का ते आधी पाहा. पहिलं अपील हायकोर्टात गेलं असेल तर त्यासाठी पेपर बुक बनायचं आणि त्यात खालच्या कोर्टातल्या साक्षी पुन्हा पूर्ण उतरवल्या जायच्या. १९५५ म्हणजे तेव्हाचं नागपूर उच्च न्यायालय. १९५६ च्या नोव्हेंबरात ते हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं. विदर्भाच्या प्रकरणांची विचारणा आधी खंडपीठातच करा. तिथे वेगळा अर्ज, वेगळी नोंदवही. निकाल महत्त्वाचा ठरला असेल तर ए.आय.आर.च्या (ऑल इंडिया रिपोर्टर, निकाल छापणारी मालिका) नागपूरच्या जुन्या खंडांतही पक्षकारांच्या नावाने पाहून घ्या, ती मालिका तर नागपुरातूनच निघते. एखाद्या वकिलाच्या कपाटात सहज मिळतील.

नंबर वाचता येतो का?

महालची_नात

येतो, काका. भिंग धरून पाहिलं. 'एफ.ए.', पुढे ६८, सन १९५५. उद्या साडेदहाला खंडपीठात जाते आहे.