फुरसं (विषारी साप) चावलेल्या पेशंटवरून बोलायचं तर...

वर तुम्ही विचारलंय की डॉक्टर, नर्स, लॅबवाले, फार्मासिस्ट यांना एकत्र बसवून शिकवायचं कशाला, ज्याने त्याने आपापलं शिकावं. मला नाही पटत हे. आपल्या कोकणातलंच बघा ना, फुरसं चावलेला पेशंट पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) येतो तेव्हा घरच्यांनी पाय करकचून बांधलाय हे आशाताईने आधीच पाहिलेलं असतं, रक्त गोठतंय का बघायची २० मिनिटांची टेस्ट सिस्टर लावते, पण त्याला कोरडी स्वच्छ काचेचीच ट्यूब लागते, प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली घेतली तर रिझल्ट चुकू शकतो, हे सगळ्यात पक्कं लॅब टेक्निशियनला ठाऊक. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) व्हायल म्हणजे बाटल्या किती शिल्लक ते फार्मासिस्टकडे. आणि एएसव्हीची रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनॅलिन (त्या रिअॅक्शनवरचं इंजेक्शन) भरून हाताशी हवं, तेव्हा कोणी काय करायचं हे विचारत बसायला वेळच नसतो हो!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये हेच मांडलंय, वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. यातलं 'एकमेकांकडून' आपल्याकडे होतच नाही, मंथली मीटिंग म्हणजे नुसते रिपोर्ट.

माझं म्हणणं, त्याच मीटिंगचा अर्धा तास काढा, एक खरी केस घ्या, आधी आशाताई आणि सिस्टरना बोलू द्या, डॉक्टरांनी शेवटी बोलावं. १०८ च्या ड्रायव्हरदादांनाही बोलवा, घाटात कुठे रेंज जाते ते त्यांनाच माहीत असतं.