1969 ची शेव्हेल एसएस : तयार गाडी घ्यावी की प्रोजेक्ट?

ओहायोकर

मंडळी, खूप वर्षांचं खूळ आता मार्गी लावायचं ठरवलंय. 1969 ची शेव्हेल एसएस 396 घ्यायची आहे, म्हणजे शेव्हरोलेच्या शेव्हेलची 396 घनइंच इंजिनाची जोरदार आवृत्ती. दोन गाड्या नजरेत आहेत. एक इंडियानात, पूर्ण खोलून नव्याने केलेली, लाल रंग, काळे पट्टे, 62 हजार डॉलर. जाहिरातीत ‘नंबर मॅचिंग’, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळ, असं ठळक लिहिलंय. दुसरी इथेच ओहायोत, शेतावरच्या कोठारात उभी आहे. इंजिन बाहेर काढलेलं, निम्मे भाग खोक्यांत. तिचे 17 हजार मागतोय.

माझा हिशेब असा : 17 मध्ये अजून 25 घातले तरी 20 हजार वाचतात, शिवाय स्वतः केल्याचं समाधान. गॅरेज आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत, वेल्डिंग येत नाही. बायकोची अट एकच, गाडी चालली पाहिजे, अडगळ नको.

जुना पाना

वेल्डिंग येत नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. खरं तर निम्मं उत्तर त्यातच आहे.

इंजिनाला घाबरू नका. बिग ब्लॉक, म्हणजे असं मोठं व्ही-8 इंजिन, खोलून, सिलिंडर बोअर करून पुन्हा बांधणं हे मशीन शॉपचं रोजचं काम, खर्चाचा अंदाज आधी मिळतो. पैसा खातो तो पत्रा. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि शेव्हेल ते कुठे साठवते हे ठरलेलं आहे. मागच्या काचेखाली क्रोमची पट्टी असते. तिच्या आड पाणी साचतं, तिथला पत्रा सडला की ते थेट डिकीत उतरतं. डिकीतलं मॅट उचलून टॉर्च मारा. मग गाडीखाली शिरा आणि मागच्या चाकाजवळ चासी जिथे वर वळते तिथे पेचकसाने टोचा. ठण्ण वाजलं तर पुढचं बोला. पेचकस आत गेला तर चहा पिऊन घरी जा.

तुमच्या 25 हजारांतले बहुतेक पत्राकाम आणि रंग यांतच जातील. क्रोम, सीट, वायरिंग, काचांची रबरं अजून यायचीच आहेत. खोक्यांतले भाग पूर्ण आहेत असं विकणारा म्हणतो, आणि ते त्याला खरंही वाटत असतं.

आता लाल गाडी. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, 13637 ने सुरू होत असेल तर त्यातून एवढंच कळतं की ती व्ही-8 मालिबू (शेव्हेलचीच नेहमीची आवृत्ती) आहे, दोन दारी हार्डटॉप, म्हणजे खिडक्यांमध्ये खांब नसलेली. 1966 ते 68 मध्ये एसएस 396 चा नंबरच 138 ने सुरू व्हायचा, नंबर वाचला की संपलं. 69 ला शेव्हरोलेने एसएस हे झेड25 नावाचं ऑप्शन केलं आणि नंबरातली ती खूण गेली. त्या एका वर्षात अशा 86 हजारांहून जास्त गाड्या निघाल्या. साध्या मालिबूला बिल्ले, पट्टे आणि काळी ग्रिल लावून झालेल्या ‘एसएस’ किती, ते कोण मोजतंय!

म्हणून कागद मागा. बिल्ड शीट, म्हणजे गाडीला काय काय बसवायचं त्याची कारखान्यातली यादी, आहे का? ती बरेचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडते. प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीची धातूची पट्टी? जुनं डीलरचं बिल? काहीच नसेल तर इंजिनाच्या पॅडचा जवळून काढलेला फोटो मागवा. उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे, ब्लॉकवर ती सपाट जागा असते, इंजिनाचे आकडे तिथेच ठोकलेले असतात.

मस्टँगवेडी

फोर्ड बघा ना! 1967 पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याचा दाखला मिळतो, फोर्डच्याच नोंदींवरून. पॉन्टिअॅकला पीएचएस आहे, तसाच दाखला देणारी सेवा. पॉन्टिअॅकच्या जीटीओचे शौकीन त्या कागदाशिवाय बोलतच नाहीत. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेला तशी सोय नाही.

आणि प्रोजेक्टला इतकी नावं ठेवू नका. माझी 68 ची मस्टँग फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) मी खोक्यांतूनच उभी केली. पैसे वाचले नाहीत हे मान्य, पण तिचा एकेक बोल्ट मला ठाऊक आहे.

ओहायोकर

फोटो आला. कागद एकही नाही, ‘आधीच्या मालकाकडे होते’ म्हणतो. पॅडवर आकडे स्पष्ट आहेत, पण खालचा धातू गोल गोल घासल्यासारखा दिसतोय. मागचा अॅक्सल 12 बोल्टचा, म्हणजे मजबूत प्रकारचा आहे, पुढे डिस्क ब्रेक आहेत.

जुना पाना

12 बोल्ट आणि पुढचे डिस्क एसएसबरोबर यायचेच, पण दोन्ही नंतरही बसवता येतात. ट्रिम टॅगवरची, म्हणजे बॉडीवरच्या माहितीच्या छोट्या पट्टीवरची तारीख बघा, 03C म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. ब्लॉक ओतल्याची तारीख त्याआधीची हवी, इंजिन जुळवल्याची या दोहोंच्या मधली. क्रम चुकला तर विषयच मिटला.

कारखान्यातून आलेल्या पॅडवर एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा असतात. गोल ओरखडे म्हणजे कुणीतरी जागा घासली आहे. दुरुस्तीत ब्लॉकचा वरचा भाग प्रामाणिकपणे प्लेन केला तरी रेघा जातात, मान्य. पण मग मूळ आकडेही जायला हवेत. रेघा गेल्या आणि आकडे राहिले, याचा अर्थ आकडे नंतर ठोकलेत.

गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पत्रा चांगला असेल तर ती उत्तम मालिबू आहे, एसएसचे कपडे घातलेली. तुम्हाला चालवायचीच आहे, तेव्हा याने काही बिघडत नाही. किंमत मात्र मालिबूची द्या. विकणाऱ्याला सांगा, ‘मूळ एसएस, मूळ इंजिन’ हे विक्रीच्या कागदावर सहीनिशी लिहून दे. लिहून देतो म्हणाला तर 62 वर बोलणी करा, आणि तरीही आधी बाहेरचा माणूस पाठवून तपासून घ्या. आढेवेढे घेतले तर 40 च्या आसपास सुरुवात करा.

ओहायोकर

विचारलं. ‘मला सांगितलं तसं मी लिहिलं’ म्हणाला. कागदावर देणार नाही.

जुना पाना

मग 40. शनिवारी जाताय तर मॅग्नेट न्या, मागच्या फेंडरच्या खालच्या भागावर फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी आहे. इंजिन थंड असताना पोहोचा. आधीच तापवून ठेवलं असेल तर का, ते विचारा. आणि विमा ठरीव किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घ्या, नेहमीच्या पॉलिसीत ती नुसती जुनी गाडी ठरेल.