मुलाला सर्दी, गुरुवारी हर्नियाचं ऑपरेशन: करायचं की ढकलायचं?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांऐवजी फ्लॅट नंबर.)

ए-३०४: नमस्कार. साडेतीन वर्षांच्या मुलाचं गुरुवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देऊन. परवापासून नाक वाहतंय. कॅशलेसची मंजुरीही आलीये. काय करावं?

सी-७०२ (भूलतज्ज्ञ): शेंबूड पाण्यासारखा की घट्ट पिवळा? खोकला कोरडा की छातीत कफ वाजतो? ताप? खेळतोय का?

ए-३०४: डॉक्टर, ताप नाही. पण आज शेंबूड घट्ट झालाय, खोकला ओला आहे. नुसता पडून असतो.

सी-७०२: मग आजच सर्जनना फोन करा, गुरुवार सकाळपर्यंत थांबू नका. नुसतं पातळ नाक वाहतंय आणि पोर हुंदडतंय, तर तपासून बऱ्याचदा करतो आम्ही. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच. पण ओला खोकला आणि मलूल मूल म्हणजे थांबायचं.

कारण सांगते. सर्दीत श्वासमार्गाचं अस्तर सुजून हुळहुळं झालेलं असतं. भूल चढताना किंवा उतरताना थोडा कफ जरी स्वरयंत्राला लागला तरी ते गच्च आवळतं, हवा आत जात नाही आणि एवढ्याशा मुलाचा ऑक्सिजन बघता बघता उतरतो. त्यावर उपाय आमच्या हाताशी असतात, पण आज ना उद्या करता येणाऱ्या ऑपरेशनसाठी हा धोका का घ्यायचा? श्वासनलिकेत नळी घालावी लागली, मुलाला दमा असला किंवा घरात कुणी सिगरेट ओढत असलं, तर धोका आणखी वाढतो.

बी-१०१: दोन दिवस सर्दी सुकवायचं सिरप दिलं तर?

ए-६०५ (ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर): नको काकू. नाक सुकेल, पण आतली सूज तशीच राहील आणि तपासणाऱ्यांची दिशाभूल होईल. शिवाय क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिन हे मिश्रण ४ वर्षांखाली द्यायचं नाही, असं लेबलवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय. आधीच काही दिलं असेल तर बाटली दाखवायला घेऊन जा.

ए-३०४: किती दिवस पुढे जाईल?

सी-७०२: साधारण २ ते ४ आठवडे, तेही खोकला थांबल्यापासून मोजून. छातीत उतरलं तर ४ धरा. मधल्या काळात रोज आंघोळीच्या वेळी जांघेतला हर्नियाचा गोळा बघा. तो कडक झाला, लाल दिसला, आत जाईना, मूल रडायचं थांबेना किंवा उलट्या झाल्या, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा सर्दी असली तरी ऑपरेशन करावंच लागतं.

डी-२०३: डॉक्टर, माझं सोमवारी मोतीबिंदूचं आहे. भूल नाही, नुसते थेंब. मला खोकला आहे, चालेल ना?

सी-७०२: काका, खोकला असेल तर तुम्हीही फोन करा. डोळा उघडलेला असताना खोकला आला की डोके हलतं, डोळ्यातला दाब वाढतो. १५-२० मिनिटं उताणं, न हलता पडता यायला हवं.

ए-६०५: ३०४, टीपीए डेस्कला (हॉस्पिटलमधलं विम्याच्या कॅशलेसचं काम बघणारं काउंटर) नवी तारीख कळवा, मंजुरीला मुदत असते. आणि नव्या तारखेला उपाशीपणाचे तास पाळा: खाणं आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. सर्दीसाठीचं हळद-दूधही दुधातच धरायचं.

ए-३०४: फोन केला. उद्या ११ ला तपासायला बोलावलंय, गुरुवार रद्द.