विचारलं की सांगतात

अलिखित नियम नव्या माणसाला बाहेर ठेवण्यासाठीच असतात, हे तुमचं मत मला अर्धंच पटलं. मुंबईच्या लोकलचं बघा. सेकंड क्लासचं बाकडं तिघांचं, पण चौथा आला की तिघंही न बोलता खिडकीकडे सरकतात. लेडीज डब्यात बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" विचारायचं. ती "ठाणा" म्हणाली की पुढे ती जागा विचारणारीची. मग दुसरी कुणी आली तर बसलेलीच सांगते, "सीट दिलीय, त्या हिरव्या ओढणीवालीला." लिहून ठेवलेलं काही नाही, तरी शब्द पाळला जातो. तासभर उभ्याने येणाऱ्यांचा यात खरोखर विचार आहे. नवख्या मुलीला हे ठाऊक नसतं, कबूल. पण शेजारणीला विचारलं तर ती सगळं समजावते, वर दादरला उतरायचंय म्हटलं की माटुंग्याच्या आधीच दाराकडे पिटाळतेही.

विरारला जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये मात्र वाटेतल्या बोरिवलीला उतरणाऱ्याला मुद्दाम दारात अडवतात, त्याला मी नियम म्हणणारच नाही. ती सरळसरळ दादागिरी आहे, आणि तिथे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.