नव्या मोटारसायकलचा दुसरा गिअर चढावर सुटतो. इंजिन उघडू द्यावे की गाडी बदलून मागावी?

कोयनाकाठ

नमस्कार. गेल्या दसऱ्याला मी १६० सीसीची नवी मोटारसायकल घेतली. रस्त्यावर येईपर्यंत १ लाख ४२ हजार रुपये लागले आणि त्यांतले ९० हजार बँकेच्या कर्जाचे आहेत. कंपनीचे आणि शोरूमचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. गाडी आजपर्यंत २,६४० किलोमीटर चालली आहे आणि दोन्ही फ्री सर्व्हिसिंग वेळेवर, त्यांच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये झाली आहेत.

पहिल्या सर्व्हिसिंगनंतर काही दिवसांनी सौ.ला मागे बसवून मी चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात एका वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली, तेव्हा पायाखाली ‘खटक’ असा आवाज झाला, इंजिन एकदम ओरडले आणि गाडीची ओढच संपली. मागे एसटी होती. ब्रेक दाबून गाडी धरली म्हणून निभावले. त्यानंतर हा प्रकार पंधरा-वीस वेळा तरी झाला आहे. मात्र सपाट रस्त्यावर, एकटा असताना, तो क्वचितच होतो.

सर्व्हिस सेंटरला तीन वेळा गेलो. पहिल्यांदा ‘नवी गाडी आहे, गिअर बसायला वेळ लागतो’ असे सांगितले, दुसऱ्यांदा क्लचची केबल ताणून दिली आणि तिसऱ्यांदा माझी गिअर टाकण्याची पद्धत चुकते असे ठरवले. बावीस वर्षे मी मोटारसायकल चालवतो आहे. तिन्ही जॉब कार्डांवर तक्रारीच्या जागी फक्त ‘जनरल चेकअप’ लिहिलेले आहे, हे घरी आल्यावर लक्षात आले.

आता मॅनेजर म्हणतात की इंजिन उघडून पाहू, आठ-दहा दिवस गाडी ठेवून जा. वडिलांचे म्हणणे असे की नव्या गाडीचे इंजिन एकदा उघडले की ती गाडी जुनीच झाली, म्हणून बदलूनच मागावी. मी काय करावे?

पाना-पक्कड

साहेब, सांगलीत माझे एकतीस वर्षांपासून गॅरेज आहे, त्यामुळे कायद्याचे इतरांनी सांगावे, मी यंत्राचे सांगतो.

आपल्या गाड्यांच्या गिअरबॉक्समधली सगळी दातेरी चाके कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. आपण पायाने गिअर टाकतो तेव्हा एक चाक शाफ्टवर सरकते आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंट, ज्यांना आम्ही डॉग म्हणतो, ते शेजारच्या चाकाच्या खाचेत जाऊन बसतात. चाक सरकवण्याचे काम फोर्क करतो आणि फोर्कला हलवतो तो ड्रम. या खुंटांच्या कडा सरळ नसतात, त्या किंचित आतल्या बाजूला कललेल्या असतात, म्हणजे जितका जोर येईल तितके ते एकमेकांना आत ओढून धरतात. तो कल कारखान्यातच कमी पडला असेल, किंवा कडा गोल झाल्या असतील, तर उलटे होते आणि जोर आला की खुंट एकमेकांना बाहेर ढकलतात. सपाटीवर एकटे असताना गिअर टिकतो आणि चढाला डबल सीट असताना सुटतो, हे तुमचे वर्णन या दोषाशी अगदी जुळते.

तरीही इंजिन उघडण्याआधी तीन गोष्टी घरीच पाहा. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज हळूहळू चढतो, ‘खटक’ होत नाही, आणि घसरणे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जास्त जाणवते. तुमच्याकडे आवाज होतो, म्हणून क्लचवर माझा संशय कमी आहे. चेन फार सैल किंवा फार ताठ नाही ना, आणि गिअरचा पाय आणि त्याची जोडकाडी कुठे फूटरेस्टला किंवा लेग गार्डला घासत नाही ना, तेही पाहा, कारण पाय पूर्ण खाली-वर जात नसेल तर गिअर अर्धवटच पडतो आणि मग तो सुटणारच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तुमच्या मीटरवर गिअरचा आकडा दिसतो का? तो आकडा ड्रमच्या स्थितीवरून येतो. गिअर सुटतो त्या क्षणी मीटरवर ‘२’ तसाच राहिला, तर ड्रम जागेवर आहे आणि डॉग किंवा फोर्कमध्ये दोष आहे. आकडा बदलून ‘एन’ आला किंवा नुसती रेघ दिसू लागली, तर ड्रमच फिरला आहे, म्हणजे त्याला जागेवर धरणारा स्प्रिंगचा खटका कमजोर आहे; पुष्कळ गाड्यांत तो क्लचच्या बाजूचे झाकण काढले की हाताशी येतो आणि मग केसिंग, म्हणजे इंजिनाचे बाहेरचे कवच, उघडावे लागत नाही. मोबाईल हँडलला बांधून मीटरचे चित्रण करा, म्हणजे तुमच्या सवयीवर खापर फोडणाऱ्याला उत्तर मिळेल.

वडिलांची भीती मी समजू शकतो, कारण गिअरबॉक्सपर्यंत जायचे तर फुल इंजिन काढून केसिंगचे दोन भाग करावे लागतात. पण गॅस्केट आणि ऑइल सील नवे टाकून, बोल्ट ठरलेल्या मापाने आवळून हे काम केले तर गाडीचे काहीही बिघडत नाही. वाईट काम झाले तर मात्र बिघडते, म्हणून काम चालू असताना समोर उभे राहू द्या अशी मागणी करा. आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका. प्रत्येक ‘खटक’ म्हणजे खुंटांच्या कडा थोड्या अधिक झिजणे आणि तो चुरा ऑइलमधून सगळीकडे फिरणे.

गोदाकाठची

दादा, माझा अनुभव वेगळ्या दोषाचा आहे, पण उपयोगी पडेल. माझी स्कूटर नवी असतानाच डाव्या बाजूला ओढायची. शोरूमच्या खेपांना कंटाळून मी ती ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने हँडलचा कोनसेट काढून पाहिला, पुन्हा बसवला आणि ‘चेसिसच वाकडी आहे’ असे सांगितले. त्याचे निदान बरोबर असेलही, परंतु त्यानंतर शोरूमने ‘बाहेर हात लागला आहे’ एवढ्या एका वाक्यावर वॉरंटीचा विषय संपवला आणि माझ्या हातात तोंडी आश्वासनांखेरीज काहीही नव्हते. शेवटी ती स्कूटर तोट्यात विकली. तुम्ही बाहेरच्या माणसाला गाडी दाखवा, चालवायलाही द्या, पण पाना लावू देऊ नका.

रोखठोक

इतका विचार कशाला करायचा? गाडीला गाढव जुंपून शोरूमसमोर वरात काढा, चित्रफीत सगळीकडे फिरू द्या, दोन दिवसांत नवी गाडी दारात येईल.

साक्षीपुरावा

गाढवाची कल्पना मनोरंजक आहे आणि अशा वरातींच्या बातम्या अधूनमधून येतात, पण कर्जाचा हप्ता चालू असलेल्या माणसाने आधी कागद जुळवावेत. मी ग्राहक आयोगापुढे काम करतो, त्यामुळे रोजचे पाहिलेले सांगतो.

सध्या तुमच्या बाजूची सर्वांत मोठी उणीव म्हणजे ‘जनरल चेकअप’ लिहिलेली ती तीन जॉब कार्डे. गाडी तीनदा नेली हे त्यांवरून सिद्ध होते, कशासाठी नेली हे होत नाही. म्हणून आजच विक्रेता आणि कंपनी या दोघांना एकच ई-मेल पाठवा आणि तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा. त्यात तिन्ही भेटींच्या तारखा, त्या वेळचे किलोमीटर, तुम्ही काय सांगितले आणि काय उत्तर मिळाले ते विशेषणे न लावता लिहा. पुढच्या जॉब कार्डावर ‘चढावर, डबल सीट असताना, दुसरा गिअर आपोआप सुटतो’ हे वाक्य लिहिल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि त्यांच्या माणसाला मागे बसवून घाटात चाचणी घेण्याची मागणी लेखी करा.

गाडी बदलून मागण्याविषयी थोडे कटू सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ प्रमाणे आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो, हे खरे आहे. परंतु २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचीच हमी असेल तर संपूर्ण गाडी बदलण्याचा आदेश टिकत नाही, आणि वाहन कंपन्यांचे वकील त्या निकालाचा आधार हमखास घेतात. दुरुस्तीची संधीच न देता नवी गाडी मागणारा ग्राहक आयोगापुढे आडमुठा ठरतो. उलट संधी देऊनही तोच दोष पुन:पुन्हा आला, याची नोंद ज्याच्याकडे आहे त्याचे म्हणणे जड पडते. म्हणून इंजिन उघडू द्या, पण ‘वॉरंटीअंतर्गत, माझे हक्क राखून संमती देत आहे’ असे लिहूनच द्या.

उत्पादनातील दोष आहे हे दाखवण्याची जबाबदारी प्राथमिकतः तक्रारदारावर येते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते. ही तपासणी मागण्याचा अर्ज बरेच तक्रारदार करतच नाहीत आणि मग तज्ज्ञाचा पुरावा नाही म्हणून तक्रार फेटाळली जाते. तुम्हाला ती वेळ न येवो, पण आली तर हे विसरू नका.

बाकीचे सोपे आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे साताऱ्यात, तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा; ते न्यायालय नव्हे, पण कंपनीच्या वरच्या कार्यालयात फाइल हलते. विम्याच्या मागे लागू नका, नेहमीच्या विम्यात यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. आणि दुरुस्तीत केसिंग किंवा अख्खे इंजिन बदलले आणि त्याबरोबर इंजिन नंबर बदलला, तर आरटीओकडून आरसीवर नवा नंबर चढवून घेणे, विमा कंपनीला आणि बँकेला कळवणे, ही सगळी कामे विक्रेत्याने करून द्यायची आहेत, हेही आधीच लिहून घ्या. नाही तर उद्या गाडी विकताना आरसीवर एक नंबर आणि केसिंगवर दुसरा निघेल.

कोयनाकाठ

सर्वांचा आभारी आहे. पाना-पक्कड काकांनी सांगितल्याप्रमाणे मीटरचे चित्रण केले. घाटात नाही, गावाजवळच्याच चढावर, भावाला मागे बसवून. चार वेळा गिअर सुटला आणि चारही वेळा मीटरवर ‘२’ कायम होता. चित्रण पाहिल्यावर मॅनेजर साहेबांनी सवयीचा विषय पुन्हा काढला नाही. जॉब कार्डावर तक्रार माझ्याच शब्दांत लिहिली गेली, पण हक्क राखून दिलेली संमती घ्यायला ते तयार नव्हते, म्हणून ती मी ई-मेलने पाठवून त्याची छापील प्रत सोबत दिली.

पाना-पक्कड

‘२’ कायम राहिला म्हणजे डॉग किंवा फोर्क, दुसरे काही नाही. उघडतील तेव्हा ऑइलच्या ड्रेन बोल्टचे टोक पाहा. तिथे चुंबक असेल तर चुरा दिसेल. नव्या इंजिनात पीठासारखी करडी साय चालते, पण बोटाला टोचणारे कण चालत नाहीत. एक दुसरा गिअर बदलला आणि त्याचा जोडीचा, ज्यात डॉग बसतात तो, जुनाच ठेवला, असे होऊ देऊ नका. फोर्कही नवाच हवा.

कोयनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सुटे भाग यायला अकरा दिवस गेले. इंजिन माझ्यासमोर उघडले. ड्रेन बोल्टवर चुरा होता आणि त्यांतले दोन-तीन कण नखाने वेगळे करता येतील इतके मोठे होते. दुसऱ्या गिअरच्या चाकावरच्या खुंटांच्या कडा एकाच बाजूने गोल झाल्या होत्या आणि फोर्कचे एक टोक तापून निळसर पडले होते. दोन्ही चाके आणि फोर्क नवे बसवले. केसिंग तीच असल्यामुळे इंजिन नंबर बदलला नाही. जुने भाग वॉरंटीच्या नियमाप्रमाणे कंपनीला परत जातात, असे सांगून त्यांनी ते दिले नाहीत. मी मात्र मोजपट्टी शेजारी ठेवून सगळ्यांची छायाचित्रे काढून घेतली. जॉब कार्डावर बदललेल्या भागांची नावे लिहिली आहेत, कारणाच्या रकान्यात मात्र काहीच लिहिलेले नाही. त्या रकान्याविषयी दुसरे पत्र आज टाकले.

दुरुस्तीनंतर ३८० किलोमीटर झाले आणि गिअर एकदाही सुटला नाही. येत्या रविवारी पुन्हा चिपळूणला जायचे आहे. सौ. मात्र एसटीने येणार म्हणते.