जुनी सिंगल सिलिंडर ड्युअल-स्पोर्ट: कोणती घ्यावी आणि बदल कशापासून सुरू करावेत?

पायवाट (प्रश्न)
नमस्कार. डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालेल अशी जुनी ६५० सीसीची मोटरसायकल घेण्याच्या विचारात आहे. सध्या दोन गाड्या समोर आहेत. पहिली सुझुकी डीआर ६५० एसई असून मूळ मालकाने तिचा एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) वरून कापून मोकळा केला आहे आणि सायलेन्सरही बदलला आहे. दुसरी २००७ची कावासाकी केएलआर ६५०. तिच्यात काहीही बदललेले नाही, मात्र ती बरीच चाललेली आहे. माझा प्रवास बहुधा एकट्याने आणि सामानासह होतो. यांपैकी कोणती घ्यावी आणि पहिला खर्च कशावर करावा? इंजिनची ताकद वाढवण्याचा मोह आहे, हेही सांगून ठेवतो.

जुना पाना (उत्तर)
ओडोमीटरवरील आकड्यापेक्षा गाडीची निगा कशी राखली गेली हे महत्त्वाचे असल्याने, गाडी पाहायला जाण्यापूर्वी ती सुरू करून न ठेवण्याची विनंती मालकाला करावी. थंड इंजिन ज्या गोष्टी उघड करते त्या गरम इंजिन झाकून टाकते. सुरू होताना क्षणभर निळसर धूर आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात, पण चढावर जोर देताना तो सतत येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्याचा संशय घ्यावा. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे आणि मध्यावर ते खाचेत अडकल्यासारखे थांबले तर हेडस्टॉकचे (हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीचे) बेअरिंग बदलावे लागेल, असे धरून चालावे.

केएलआरच्या त्या पिढीत बॅलन्सर चेनचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या वजनांना फिरवणाऱ्या साखळीचा) ताण राखणारा छोटा लिव्हर, ज्याला तिचे मालक डूहिकी म्हणतात, किंवा त्याची स्प्रिंग तुटते. स्प्रिंग तुटलेली असताना बोल्ट सैल करून पुन्हा आवळण्याचा नेहमीचा उपाय निरुपयोगी ठरतो. मजबूत सुटा भाग बसवल्याची पावती नसेल, तर तो बसवलेला नाही असेच समजावे. डीआरमध्ये क्लचच्या मागे असलेल्या न्यूट्रल स्विचचे (गाडी न्यूट्रलमध्ये असल्याचे दाखवणाऱ्या स्विचचे) स्क्रू सैल होऊन इंजिनात पडण्याचा धोका असतो. क्लच उघडून ते लॉकिंग द्रव लावून घट्ट करणे हे काम तुलनेने सोपे आहे.

दगडगोटे (उत्तर)
माझे मत डीआरच्या बाजूने आहे, परंतु एका अटीवर. एअरबॉक्स मोकळा केल्यावर हवा वाढते. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) त्यानुसार बदलले नसतील तर आधीच पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले मिश्रण आणखी पातळ होते आणि हवा व तेलावर थंड होणारे हे इंजिन अकारण तापते. कोणत्या क्रमांकाचे जेट बसवले आहे हे मालकाला सांगता आले नाही, तर ते स्वतः उघडून पाहण्याची तयारी ठेवावी.

ताकदीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण सामानासह खडबडीत रस्त्यावर या गाड्या इंजिनमुळे नव्हे तर सस्पेन्शनच्या मऊ स्प्रिंगमुळे बेजार करतात. सामान लादून आपण गाडीवर बसल्यावर मागचा भाग एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश खाली बसावा. प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवूनही तो निम्म्यावर जात असेल तर कडक स्प्रिंग घ्यावी लागेल. बॅश प्लेट (इंजिनखालची संरक्षक पट्टी) आणि हँडगार्ड (हातांपुढचे संरक्षक) हे त्यानंतरचे. सायलेन्सर शेवटी, तोही केवळ वजन कमी करण्यासाठी.

पायवाट
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. कच्च्या चढावर पहिला गिअरसुद्धा लांब वाटतो, असे डीआरबद्दल ऐकले आहे. त्यावर इंजिनला हात न लावता काही करता येईल का?

जुना पाना
पुढचे १५ दात्यांचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) काढून १४चे बसवा. मागे ४२ दाते असल्यास गुणोत्तर २.८ वरून ३ वर जाते. हाच परिणाम मागे ४५ दाते बसवून मिळतो, पण त्यासाठी चेनची लांबी तपासावी लागते. हमरस्त्यावर इंजिन थोडे जास्त फिरेल, इतकेच. एक मतभेद मात्र नोंदवतो: लांबच्या डांबरी प्रवासाचे प्रमाण अधिक असेल तर केएलआरची सुमारे २३ लिटरची टाकी आणि पाण्यावर थंड होणारे इंजिन सहज सोडून देऊ नये. तिच्या व्हॉल्व्हचे अंतर शिमने (ठरावीक जाडीच्या चकत्या बदलून) जुळवावे लागते, तर डीआरचे स्क्रू आणि नटने. हे काम स्वतः करणार असाल तर निर्णय बहुधा तेथेच होईल.