मदत हवी आहे: बिझनेस कंटिन्युइटी प्लॅनची सुरुवात कुठून करायची?

मंडळी, आमच्या छोट्या कंपनीचा बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन (बीसीपी, म्हणजे संकट आलं तरी काम चालू ठेवायचा आराखडा) बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आयएसओ २२३०१ (यासाठीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) चाळलं, त्यात आधी बिझनेस इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस करायचं, म्हणजे कुठलं काम बंद पडलं तर किती वेळात किती नुकसान होतं ते बघायचं आणि त्यावरून आरटीओ (काम किती वेळात परत चालू हवं) आणि आरपीओ (किती वेळाचा डेटा गेला तर चालेल) ठरवायचे. वाचायला सोपंय हो, पण ज्या डिपार्टमेंटला विचारावं ते म्हणतं आमचंच काम सगळ्यात अर्जंट! हे कसं सोडवता तुम्ही? नुकसान पैशात मांडायला लावायचं का?

बॅकअपचा ३-२-१ नियम कळला, डेटाच्या तीन कॉपी, दोन प्रकारच्या स्टोरेजवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, ते होईल. पण सर्व्हर वरच्या मजल्यावर आणि जनरेटर तळघरात असेल तर पुरात काय उपयोग, म्हणून असले धोके आधीच कमी करायला किती खर्च करायचा आणि नंतर सावरायला किती राखायचा, हे कसं ठरवता? सेंडाई फ्रेमवर्कचा (आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आराखडा, २०१५-२०३०) भरही आधी धोका कमी करण्यावरच आहे, मला पटतं, मॅनेजमेंटला पटत नाही कारण न झालेलं नुकसान दाखवणार कसं?

आणि टेबलटॉप ड्रिल (टेबलाभोवती बसून काल्पनिक संकटात कोण काय करेल याची चर्चेतली तालीम) कुणी घेतलंय का? सप्लायरलाही बसवलं होतं का? टेम्प्लेट नकोत प्लीज, ती ढिगाने मिळतात, प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा.